केळी तरंगतात

'लाइफ ऑफ पाय'चा विषय निघाला की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिल्याचे डोळे भरून येतात. तो सांगतो, या पुस्तकाने माझी देवावरची श्रद्धा परत आणून दिली. दुसरा नाक मुरडतो. तो म्हणतो, हे वाघाच्या कातड्यात गुंडाळलेलं बाजारू अध्यात्म आहे. दोघंही एकमेकांना बावळट समजतात. गंमत अशी, की दोघांनी पुस्तक एकाच पद्धतीने वाचलेलं असतं. विज्ञान म्हणजे कोरडी गोष्ट, श्रद्धा म्हणजे रसाळ गोष्ट, आता आवडेल ती निवडा. एकाने रसाळ निवडली, दुसऱ्याने कोरडी. बस.

माझं भांडण या निवडीशीच आहे. ही निवड श्रद्धेचाही अपमान करते आणि विज्ञानाचाही. आणि कादंबरी नीट वाचली तर तिच्यातला मुलगा या निवडीमुळे जगलेला नाही, हे लख्ख दिसतं.

(यापुढे शेवट फुटणार आहे. कादंबरी वाचली नसेल आणि वाचायची असेल, तर इथेच थांबा. सिनेमा पाहिला असेल तर खुशाल पुढे या.)

यान मार्टेल या कॅनडाच्या लेखकाची ही कादंबरी 2001 साली आली, 2002 साली तिला बुकर मिळालं आणि 2012 साली आंग लीने तिच्यावर सिनेमा काढला. नायक पाँडिचेरीचा पिसीन मोलिटॉर पटेल. पॅरिसमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून ठेवलेलं हे नाव. शाळेतली पोरं त्याचा अश्लील अपभ्रंश करतात म्हणून तो स्वतःचं नाव 'पाय' करून टाकतो. वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागलं की जो आकडा येतो आणि दशांश चिन्हानंतर कधी संपत नाही, तो पाय. वडिलांचं प्राणिसंग्रहालय आहे. मुलगा हिंदू, मग ख्रिस्ती, मग मुसलमानही होतो आणि तिन्ही राहतो. आणीबाणीला वैतागून वडील देश सोडायचं ठरवतात. 2 जुलै 1977 रोजी 'त्सिमत्सुम' हे मालवाहू जहाज पॅसिफिकमध्ये बुडतं. लाइफबोटीत उरतात पाय, पाय मोडलेला एक झेब्रा, एक तरस, एक ओरांगउटान मादी आणि रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. शेवटी उरतात दोघंच. 227 दिवसांनी होडी मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागते.

कादंबरीच्या सुरुवातीलाच एक म्हातारा लेखकाला सांगतो, की ही गोष्ट ऐकून तुमचा देवावर विश्वास बसेल. गेली वीसेक वर्षं हे वाक्य पुस्तकाची जाहिरात म्हणून फिरतंय. आता आपण होडीत उतरून बघू, की तिथे नेमकं काय चाललंय.

होडीत पाय काय करतो? पिण्याचं पाणी मिळवतो. समुद्राच्या पाण्याची उन्हाने वाफ करून गोडं पाणी साठवणारी साधनं होडीत असतात, ती तो रोज तपासतो. पावसाचं पाणी धरतो. वल्ही आणि लाइफ जॅकेट बांधून तराफा करतो, म्हणजे वाघापासून अंतर राहील. कासवाच्या पाठीची ढाल बनवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो वाघाला वळण लावतो. कसं? होडी लाटांना आडवी घालून ती मुद्दाम जोरात हलू द्यायची, वाघाला मळमळून गलितगात्र करायचं आणि त्याच वेळी शिट्टी वाजवत राहायचं. काही दिवसांनी नुसती शिट्टी पुरे. वाघाच्या डोक्यात शिट्टी आणि ओकारी यांची गाठ बसलेली असते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची आणि घंटेची गोष्ट शाळेत वाचली असेल, तर हे ओळखीचं वाटेल.

हे त्याला कुठून सुचलं? लहानपणी वडिलांनी दोन्ही मुलांना वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभं करून जिवंत बकरी आत सोडली होती. धडा एकच. प्राणी म्हणजे तुमच्या मनातला गोड मित्र नव्हे, प्राणी म्हणजे प्राणी. त्याची हद्द कुठे संपते, तो किती अंतरावरून पळतो आणि किती अंतरावरून झडप घालतो, वरचढ कोण हे कशावरून ठरवतो, हे मुलाला ठाऊक असतं. दया, प्रेम, ईश्वरी अंश वगैरे मनात धरून तो वाघाजवळ गेला असता, तर कादंबरी तिथेच आटोपली असती.

मग श्रद्धा काय करत होती? ती बिनकामाची होती का? अजिबात नाही. पण तिचं काम वेगळं होतं. कादंबरीत पायच्या दिवसाचं वेळापत्रक दिलेलं आहे. उठणं, प्रार्थना, वाघाचं खाणं, होडीची तपासणी, पाण्याच्या साधनांची देखभाल, मासेमारी, पुन्हा प्रार्थना. प्रार्थना तिथे कामांच्या यादीत आहे, कामांऐवजी नाही. जन्माचा शाकाहारी मुलगा पहिला उडता मासा मारताना रडतो आणि त्या माशासाठी पुढे रोज प्रार्थना करतो. मोठा मासा हाती लागतो तेव्हा मत्स्यावताराची आठवण काढून विष्णूचे आभार मानतो. पण आभार मानण्याआधी तो मासा त्याने स्वतःच्या हाताने मारलेला असतो. कधी कधी तो ओरडून सांगतो की हे आकाश देवाचं आहे, ही होडी देवाची आहे, अंगावरची चिंधीसुद्धा देवाची आहे. आणि मग ती चिंधी फाटत जाते, निराशा परत येते. लेखकाने हेही लपवलेलं नाही.

म्हणजे होडीत श्रद्धा आणि विज्ञान यांचा सामना चाललेलाच नाही. विज्ञान सांगतंय की वाघ काय आहे, पाणी कसं मिळेल. श्रद्धा सांगतेय की उद्या सकाळी उठ आणि हे सगळं पुन्हा कर. देव वादळ थांबवील म्हणून पाय एकदाही हातातलं काम सोडत नाही. प्रार्थना केली म्हणून वाघाजवळचं अंतर कमी करत नाही. 227 दिवसांत त्याने या दोन गोष्टींची एकदाही गल्लत केली नाही, म्हणूनच तो जगला. गल्लत झाली ती नंतर, दवाखान्याच्या खाटेवर.

मेक्सिकोतल्या त्या दवाखान्यात जपानच्या परिवहन मंत्रालयाचे दोन अधिकारी येतात, ओकामोतो आणि चिबा. त्यांचा प्रश्न साधा आहे: जहाज का बुडालं? पाय त्यांना वाघाची गोष्ट सांगतो. त्यांचा विश्वास बसत नाही. ते अडतात कशावर? केळ्यांवर! ओरांगउटान मादी केळ्यांच्या ढिगावर तरंगत होडीपाशी आली, असं पाय सांगतो. ओकामोतो म्हणतो, केळी तरंगत नाहीत. पाय काय करतो? श्रद्धा ठेवा म्हणत नाही. तिथल्या सिंकमध्ये पाणी भरायला लावतो आणि म्हणतो, टाका केळी. केळी तरंगतात.

सबंध कादंबरीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा आहे आणि नेमका तोच कुणाच्या रीलमध्ये दिसत नाही. कोरड्या तथ्यांची जो मनसोक्त टिंगल करतो, त्या मुलालाही आपलं म्हणणं पटवायला शेवटी पाण्याने भरलेलं सिंक लागतं. प्रयोग लागतो. आणि अधिकारी शंका घेतात म्हणूनच तो प्रयोग होतो.

शंकेबद्दल पायचं मत फार वाईट आहे. नास्तिक त्याला चालतात. तेही आपल्यासारखेच शेवटी एक उडी मारतात, असं तो मानतो. त्याला राग येतो तो 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांचा. शंकेला आयुष्याचं तत्त्वज्ञान करणं म्हणजे एका जागी उभं राहून प्रवासाला निघणं, अशा अर्थाचा टोमणा तो मारतो. हे वाक्य लोकांना फार आवडतं. स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवतात. पण केळ्यांच्या प्रसंगात गाडी हलली कशामुळे? शंकेमुळेच. जो आधीच हो म्हणतो तो सिंक भरत नाही, जो आधीच नाही म्हणतो तोही भरत नाही. 'माहीत नाही, बघू' म्हणणाराच नळ सोडतो.

पुढे मांसाहारी बेटाचा विषय निघतो. शेवाळाचं तरंगतं बेट, रात्री आम्ल सोडून सगळं पचवणारं. अधिकारी म्हणतात, वनस्पतिशास्त्रात हे बसत नाही, शास्त्रज्ञ तुझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. पाय उलटून म्हणतो, याच लोकांनी कोपर्निकस आणि डार्विनलाही नाकारलं होतं. इथे मला पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं. कारण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोमूत्रापासून क्वांटम उपचारांपर्यंत काहीही विकणारा माणूस नेमकं हेच बोलतो: 'गॅलिलिओलाही वेडा म्हणाले होते.' अहो, पण कोपर्निकस शेवटी मान्य झाला तो त्याची गोष्ट जास्त सुंदर होती म्हणून नव्हे. केपलरने ग्रहांची गणितं जुळवून दाखवली, गॅलिलिओने दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या, म्हणून झाला. नाकारलं गेलेलं सगळंच खरं नसतं. बहुतेक वेळा ते नाकारण्याच्याच लायकीचं असतं. केळी सिंकमध्ये टाकता येतात. बेट टाकता येत नाही, आणि नेमकं तिथेच पाय प्रयोग सोडून टोमण्यावर येतो. हा फरक वाचकाने लक्षात ठेवायला हवा.

मग येते दुसरी गोष्ट. अधिकारी खरं काय ते सांग म्हणून हट्ट धरतात, तेव्हा पाय प्राण्यांशिवायची गोष्ट सांगतो. होडीत चार माणसं होती. पाय मोडलेला खलाशी, जहाजावरचा आचारी, पायची आई आणि स्वतः पाय. आचाऱ्याने खलाशाला मारलं, मग आईला मारलं. पायने आचाऱ्याला मारलं. झेब्रा म्हणजे खलाशी, तरस म्हणजे आचारी, ओरांगउटान म्हणजे आई. आणि वाघ म्हणजे तो स्वतः. मग तो विचारतो, जहाज का बुडालं हे दोन्हींतून कळत नाही, कुठलीच सिद्ध करता येत नाही, तर यातली जास्त चांगली गोष्ट कुठली? अधिकारी म्हणतात, प्राण्यांची. पाय म्हणतो, देवाचंही असंच आहे.

इथे टाळ्या पडतात. मला मात्र त्या आईचं काय झालं हे विचारायचंय. 'जास्त चांगली गोष्ट' निवडली की आईचा खून नाहीसा होतो, एक ओरांगउटान मरते. खलाशी नाहीसा होतो, एक झेब्रा मरतो. मुलगा हे निवडतो ते मी समजू शकते. इतकं पाहिलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला वाघाची गरज असेल, तर त्याच्याकडून वाघ काढून घेण्याचा अधिकार मला नाही. पण तो अधिकार त्याचा आहे, दुःख ज्याचं त्याचा. कोचावर बसून पुस्तक वाचणाऱ्या तुमचा-माझा नाही, आणि चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांचा तर मुळीच नाही.

वाघाचं नावच बघा. कादंबरीत ते कारकुनी गोंधळातून आलंय, शिकाऱ्याचं नाव कागदावर वाघाला लागलं. पण मार्टेलने ते मुद्दाम निवडलेलं आहे. एडगर ॲलन पो याच्या 1838 सालच्या समुद्रकादंबरीत रिचर्ड पार्कर नावाच्या खलाशाला उपाशी साथीदार मारून खातात. आणि 1884 साली हे खरंच घडलं. 'मिन्योनेट' नावाची छोटी नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाताना बुडाली. चार जण एका लहान होडीत वाचले. त्यातला रिचर्ड पार्कर सतरा वर्षांचा पोरगा. वाटेत त्यांना एक कासव मिळालं होतं, तेही संपलं. समुद्राचं पाणी पिऊन पार्कर आजारी पडला. कप्तान टॉम डडली आणि एडविन स्टीफन्स यांनी त्याला मारलं आणि तिघांनी खाल्लं. मारण्याआधी डडलीने प्रार्थनाही केली होती. चारच दिवसांनी त्यांना एका जहाजाने उचललं.

परतल्यावर डडली आणि स्टीफन्स यांनी घडलं ते सरळ सांगून टाकलं. लोकांची सहानुभूती त्यांच्याच बाजूने होती. तरी खटला झाला आणि न्यायालयाने ठरवलं की स्वतःचा जीव वाचवायची गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही. फाशी सुनावली गेली, मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. आपल्याकडे कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला शिकतात. शिक्षा कमी करताना दया दाखवली गेली. पण आधी घडलं काय, हे मान्य केलं गेलं. दया करायलासुद्धा सत्य लागतं. त्या होडीत वाघ होता असं सगळ्यांनी आनंदाने मान्य केलं असतं, तर सतरा वर्षांच्या पार्करसाठी कुणी काहीच बोललं नसतं.

हे लांबच्या समुद्रावरचं वाटत असेल, तर जवळ येऊ. ऑक्टोबर 2022मध्ये गुजरातेत मोरबीचा झुलता पूल कोसळला. 135 माणसं गेली. दुरुस्तीचं काम ज्या कंपनीकडे होतं, तिच्या एका व्यवस्थापकाने न्यायालयात सांगितलं की ही देवाची इच्छा होती. सरकारी वकिलांनी सांगितलं की पुलाचा तळ बदलला होता, केबल बदलल्या नव्हत्या. झाल्या ना दोन गोष्टी? आता विचारा बघू, यातली जास्त चांगली कुठली?

या प्रश्नाने घसा कोरडा पडत असेल, तर तो कादंबरीच्या शेवटीही पडायला हवा होता. कारण 'त्सिमत्सुम' का बुडालं, हे आपण सगळेच विसरलो. अधिकारी विचारायला आले होते तेच. ओकामोतोच्या अहवालात अपघाताचं कारण सापडत नाही, पण वाघाबरोबर जगलेल्या मुलाचं कौतुक मात्र असतं. खलाशांसकट बुडालेल्या जहाजाचं कारण गुलदस्त्यात आणि गोष्ट अजरामर.

यावर श्रद्धावान वाचक म्हणेल, तुम्ही देवाला न्यायालयात खेचताय. उलट आहे. 'चांगली गोष्ट' म्हणून देव निवडा, हे म्हणणंच श्रद्धेचा कचरा करणं आहे. पंढरीची वाट चालणाऱ्या माणसाला विचारून पाहा, विठ्ठल ही तुम्हाला आवडलेली जास्त चांगली गोष्ट आहे का? त्याला प्रश्नच कळणार नाही. तो निवड करून चालत नाही, तो चालतो. पायची होडीतली श्रद्धाही अशीच होती, चालण्याची. ओटीटीच्या यादीतून मालिका निवडावी तशी श्रद्धा निवडायला सांगणारा शेवट त्या मुलापेक्षा लहान आहे.

कादंबरीत याहून मोठं उत्तर आधीच येऊन गेलंय, फक्त ते शेवटच्या पानावर नाही. पायचे दोन गुरू आहेत, दोघांचंही नाव कुमार. एक जीवशास्त्राचे मास्तर, कम्युनिस्ट, नास्तिक. लहानपणी पोलिओने अंथरुणाला खिळले असताना ते रोज विचारत होते, देव कुठे आहे? देव आला नाही, औषध आलं. दुसरे पाव भाजणारे सूफी. एक दिवस दोघंही प्राणिसंग्रहालयात येतात आणि एकाच झेब्र्याला गाजर भरवतात. एकाच्या तोंडी झेब्र्याचं शास्त्रीय नाव येतं, दुसऱ्याच्या तोंडी अल्लाहचं. कुणी कुणाला विचारत नाही की तुझं चांगलं की माझं. झेब्रा एकच आहे, खरा आहे, आणि दोघंही त्याच्याकडेच बघताहेत.

पटेल कुटुंब देश सोडायच्या विचारात होतं, त्या 1976 सालात आपल्या राज्यघटनेत बेचाळिसावी दुरुस्ती झाली. आणीबाणीतली, बऱ्याच अंगांनी बदनाम. पण त्याच एका दुरुस्तीने उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आला आणि नागरिकांच्या कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी आली. दोन्ही एकत्र. माणसाने काय मानावं यात राज्याने पडू नये, आणि काय घडलं हे मात्र प्रत्येकाने तपासावं. मला यात विसंगती दिसत नाही. मला त्यात ते दोन कुमार दिसतात.

म्हणून पुस्तक टाकून देऊ नका, फक्त त्याचा शेवटचा प्रश्न जसाच्या तसा गिळू नका. आणि एक बारकावा बघा. प्राण्यांशिवायच्या त्या भयंकर गोष्टीत पायची आई होडीपर्यंत कशी पोचते? केळ्यांना धरून. प्राण्यांच्या गोष्टीत ओरांगउटान केळ्यांवर येते, माणसांच्या गोष्टीत आई केळ्यांच्या आधाराने येते. एवढी एकच गोष्ट पाण्यात टाकून तपासली गेली, आणि ती दोन्हीकडे खरी आहे. वाघ माना किंवा मानू नका, देव माना किंवा मानू नका, केळी तरंगतात. पायची आई बुडत असताना तिच्या हाताला जे लागलं, ते हे होतं.